ग्यानबाच्या तीन खाचा

फागुन लागून आठ दिवस झाले होते, तरी पहाटेचा गारठा रानातून हलला नव्हता. ऊन वर आलं की तासाभरात पाठ भाजायची, पण तोवर वारा असा झोंबायचा की भिवाजी पडघाननं पलटणीतला जुना स्वेटर धोतरावर चढवला होता. दोन्ही कोपरांवर तो विरलेला, गळ्याशी दुर्गाबाईनं काळ्या दोऱ्यानं टाचलेला. कपाशीची शेवटची वेचणी होऊन गेली होती. आता तीन एकरांतल्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायच्या. लोखंडी चिमट्यात झाडाचं बूड धरायचं, दांडी दाबायची, की कच्चकन मूळ वर येतं. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत तळहाताची कातडी आणि चिमट्याची दांडी यांतलं काय कुणाचं ते कळत नाही.

दुर्गाबाई मागून पऱ्हाट्या गोळा करत येत होती. नवरा एका झाडाशी चिमटा लावून नुसताच उभा आहे, हे तिनं थोडा वेळ पाहून घेतलं.

"अवो, त्या पऱ्हाटीले काय पाहून राह्यले?"

"पाहून नाई राह्यलो. इचार करून राह्यलो."

"कायचा?"

"तिसऱ्या बॅकचा."

"मंग त्या तिसऱ्या बॅकले म्हना, दोन ओळी उपटून दे. निस्ता उभा राहून काय करते थो?"

भिवाजीनं दांडी दाबली. पऱ्हाटी वर आली. पण डोक्यातलं काही वर येईना. आज रविवार होता, सालातला शेवटचा सामना आज होता, आणि त्याआधी त्याला एक काम करायचं होतं जे चार महिने त्याच्या हातून झालं नव्हतं.

अनसिंगात खरा फुटबॉल कुणी पाहिलेला नव्हता. तरी ‘भिवाजीचा फुटबॉल’ माहीत नाही असं माणूस बौद्धपुऱ्यात नव्हतं, आणि पाटीलपुऱ्यातही कमीच असेल. भिवाजी चौदा वर्षं पलटणीत होता. तिथल्या फुटबॉलमध्ये तो हाफ म्हणून, मधल्या फळीत खेळायचा. पासष्ट साली गुडघा गेला आणि भिवाजी एक टिनाची पेटी, एक स्वेटर आणि उजव्या पायातली लचक घेऊन गावी आला. पाय गेला, पण खेळ डोक्यात राहिला. पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं पलटणीची कॅनव्हासची थैली उसवली, जमिनीवर पसरली आणि तांबड्या रंगानं तिच्यावर मैदान आखलं. दोन्हीकडं गोल, मधात रेघ, आणि सगळीभर चौकोनी घरं.

गडी केले तुराटीचे. तुरीची वाळकी काडी, अंगठ्याएवढी जाड निवडायची, बोटभर तुकडा कापायचा, बूड सपाट करायचं म्हणजे उभी राहते. चेंडू म्हणजे एक लाल गुंज. आणि चौसरीला टाकतात तसे चार फोडलेले चिचोके, एका अंगानं काळे, दुसऱ्यानं पांढरे. पांढरे जितके पडतील तितकी घरं चेंडू जातो; चारही काळे पडले तर अष्टा, आठ घरं. दोन गडी एका चेंडूवर आले की झोंबी. दोघांनी चिचोके टाकायचे, आपल्या गड्याच्या खाचा त्यात मिळवायच्या, ज्याचे जास्त त्याचा चेंडू. बरोबरी झाली तर ज्याच्याजवळ होता त्याचाच. चेंडू टाकायचा नसेल तर गड्यानं तो घेऊन एक घर चालायचं.

खाचा म्हणजे गड्याची ताकद. काडीच्या अंगावर चाकूनं पाडलेल्या. कुणाला एक, कुणाला दोन. तीनच्या वर कुणालाच नाही. आणि एक कायदा आणखी होता, तो भिवाजीनं फार विचार करून केला होता: सामना सुरू झाल्यापासून जो गडी जागचा हलला नाही, त्याला झोंबीत एक जास्त. "धावनाऱ्याले चेंडू दिसते, उभ्या मानसाले मैदान दिसते," असं तो म्हणायचा.

इथवर ठीक होतं. चूक झाली ती नावं देताना. भिवाजीनं गड्यांना गावातल्या चालत्याबोलत्या माणसांची नावं दिली. त्याला वाटलं, नाव नसलेल्या काडीवर जीव कसा लागावा? पण काडीवर नाव पडलं आणि गावानं ते खरं धरलं. आपल्याला किती खाचा, हे लोक विचारू लागले. ज्याला एक होती तो दोन दिवस बोलला नाही. जगदेव सुतारानं दुसऱ्या खाचेसाठी भिवाजीची तिफण फुकट दुरुस्त करून दिली, तर भिवाजीनं लावलेले खिळे परत काढून घेऊन जा म्हणून सांगितलं. दौलतराव पाटलासारखा पंचवीस एकरांचा धनीसुद्धा सायकलवरून न उतरता, एक पाय ओट्याला टेकवून विचारायचा, "काय भिवाजी, आमी खेळलो का आज?"

"खेळले जी. डाव्या कोपऱ्यातून धावले."

"गोल?"

"गोल नाई झाला."

"मंग आमाले मधात घे ना लेका. कोपऱ्यात काहून टाकून ठेवलं?"

आपल्याला कोपऱ्यात टाकून ठेवलंय, असं दौलतराव पाटील बौद्धपुऱ्यात येऊन म्हणतो, ही गोष्ट भिवाजीला इतकी आवडायची की त्यानं नऊ वर्षांत त्याला मधात घेतलं नाही.

म्हणून कायदा करावा लागला: जसा मानूस, तशा खाचा. लाडानं नाही, भीतीनं नाही. दर फागुनात रान रिकामं झालं की दोन्ही धन्यांनी समोरासमोर बसून आपापले गडी पाहायचे. वर्षभरात जो मजबूत झाला त्याला खाच वाढवायची, जो खचला त्याची कापायची. कापायची म्हणजे नवी काडी घ्यायची, कारण पाडलेली खाच बुजत नाही.

दुसरा धनी गोविंदसिंग. खंडव्याकडचा माणूस, रेल्वेच्या लाईनीवर गँगमन. तिकडं रेल्वेच्या मैदानावर त्यानं खेळ पाहिला होता. त्याचे गडी बाभळीचे, काळे आणि वजनदार; त्यांत पुढं खेळणारा तीन खाचांचा काळू सगळ्यांत जबर. दर रविवारी तो येई, आणि हरला तर पुढच्या रविवारपर्यंत लाईनीवरच्या प्रत्येक स्लीपरशी भांडत असे.

भिवाजीच्या अकरांत तीन खाचांचा गडी एकच होता. सेंटर हाफ. ग्यानबा.

ग्यानबा म्हणजे गल्लीच्या पलीकडचं दार. दोघं एका वयाचे, एकाच गव्हाणीपाशी खेळून मोठे झालेले. त्याच्या तिन्ही खाचांना कारण होतं आणि गावाला ते पाठ होतं. पहिली खाच विहिरीत पडलेला बैल एकट्यानं दोर लावून वर काढला त्याची. दुसरी मंगरूळपीरच्या कापसाच्या जिनातली, तिथं दोघांनी उचलायची गठाण तो एकटा उचलायचा. तिसरी नागपूरची. छप्पन साली दीक्षेच्या मैदानात त्याची म्हातारी आई गर्दीत बुडून गेली होती, तिला काही दिसेना. ग्यानबानं तिला खांद्यावर घेतलं आणि सोहळा संपेपर्यंत एका जागी उभा राहिला. भिवाजी तेव्हा पलटणीत होता. त्याला हे म्हातारीनं सांगितलं. मरेपर्यंत ती सांगत होती, "माहा ग्यानबा हालला नाई रे. खांबावानी हालला नाई."

कार्तिकात ग्यानबा कडब्यानं भरलेल्या गाडीवरून पडला. डावा खुबा मोडला. दीड महिना वाशीमच्या दवाखान्यात काढून तो घरी आला, तेव्हा पायाला लाकडी पट्ट्या होत्या आणि डॉक्टरनं सांगितलं होतं की पावसाळ्यापर्यंत काठीनं उभा राहील, पण ओझं विसरा. त्याच्या बायकोनं, केशरबाईनं, बाज दाराशी घातली. ग्यानबा भिंतीकडं तोंड करून निजायला लागला. भाकर नको म्हणायला लागला.

तेव्हा भिवाजी एके संध्याकाळी बाजेशी जाऊन बसला आणि सहज म्हणाला, "आज तं तू कमाल केली बुवा."

"मी?"

"मंग कोन? गोविंदसिंगाच्या काळूले तीनदा आडवं पाडलं."

ग्यानबानं मान वळवली. "कसं कसं?"

त्या दिवशी त्यानं भाकर खाल्ली. मग रोजचंच झालं. रविवारचा सामना रविवारी. बाकीच्या दिवशी भिवाजी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचा आणि संध्याकाळी बातमी द्यायचा. बातमी आधी, भाकर नंतर. आणि खाचा तीनच राहिल्या. कार्तिकातच कापायला हव्या होत्या. पण भिवाजी चाकू घेऊन बसायचा आणि उठायचा. फागुन तर दूर आहे, म्हणायचा.

गेल्या रविवारी फागुन आला. गोविंदसिंगानं आपली बाभळीची एक काडी काढून कॅनव्हासवर ठेवली. कोरी होती, एकही खाच नाही.

"हा कोन?" भिवाजीनं विचारलं.

"माझा मोठा भाऊ. तीन खाचांचा होता, तू जानतो. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले त्याचे. मी माझ्या हातानं नवी काडी कापली." गोविंदसिंगानं ग्यानबाच्या काडीकडं बोट केलं. "अन हा बाजेवर पडला आहे, तरी तुझ्याकडं तीन खाचांचा धावून राह्यला. कायदा तुझा आहे भाई. मी नाई केला."

भिवाजीनं ग्यानबाची काडी मुठीत घेतली.

"पुढच्या रविवारी नवी काडी पाहिजे. नाहीतर मी काही येत नाही. खोट्याशी काय खेळायचं?"

आणि आज तो रविवार होता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बांधावरून केशरबाई येताना दिसली. ती शेतात कधी यायची नाही, बाजेपासून तिला हलता येत नसे. दुर्गाबाईनं डोक्यावरचा भारा खाली टाकला.

"काय झालं वं?"

"काही नाई झालं. भाऊजी, थे म्हन्ते, आजचा सामना आपल्या बाजेपाशी मांडा. सालातला आखरी हाय, मी आपल्या डोळ्यानं पाहीन."

भिवाजीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. त्यानं मनात योजलं होतं की दुपारी नवी काडी कापायची, आपल्या ओट्यावर सामना खेळायचा आणि संध्याकाळी ग्यानबाला जुनीच बातमी द्यायची. कायदाही राहील आणि ग्यानबाची भाकरही. आता ती वाट बंद झाली.

केशरबाई जायला वळली, पण थांबली. "भाऊजी, मले समदं समजते. गोविंदसिंग काय बोलला थेबी आयकलं मी. पन खाचेचं त्याईले काही सांगू नका. तेवढ्यावरच जेवून राह्यले थे."

ती गेल्यावर भिवाजी बोरीखाली बसला. कुडासाठी ठेवलेल्या तुराट्यांतून त्यानं एक काडी उचलली, खाली ठेवली, दुसरी उचलली. दुर्गाबाईनं भाकर सोडली, वर ठेचा ठेवला, पण त्याचा हात काही भाकरीकडं गेला नाही.

"तुमाले काय वाटते," ती म्हणाली, "त्यायले ठाऊक नाई? पाय त्यायचा मोडला, डोकं नाई मोडलं."

"ठाऊक असनं येगळं. पाहनं येगळं."

"मंग काढून टाका त्यायले खेळातून. बसवून ठेवा."

"बसून तं हाय थो चार महिन्यांपासून," भिवाजी म्हणाला.

त्यानं काडी बोटभर कापली, बूड सपाट केलं. एक खाच ठेवायची हे त्यानं ठरवलं होतं. शून्य टाकायला त्याचा हात धजत नव्हता, आणि दोन म्हणजे पुन्हा खोटं. पण कोणती एक? बैल काढणं गेलं. गठाण गेली. डॉक्टरनंच सांगितलं होतं. उरली नागपूरची. ती ताकदीची होती का, याचा त्यानं नऊ वर्षांत कधी विचार केला नव्हता. म्हातारीनं सांगितलं आणि त्यानं पाडली. आता चाकू टेकवून तो तसाच बसला. काय केलं होतं ग्यानबानं तिथं? धावला नाही, पाडलं नाही कुणाला. उभा राहिला.

त्यानं खाच पाडली. मग ढेकळं बाजूला सारली, मातीत बोटानं रेघा ओढल्या आणि बोराच्या बिया मांडल्या. मागं दोन बॅक, मधात तीन हाफ, पुढं पाच. पलटणीच्या उस्तादानं शिकवलेली जुनी मांडणी. हिच्यात सेंटर हाफला सगळ्यांत जास्त मरावं लागतं. पुढं पण तोच, मागं पण तोच. एका खाचेचा गडी तिथं उभा केला तर गोविंदसिंगाचा काळू त्याला चिरडून जाईल. सकाळपासून डोक्यात घोळणारी बी त्यानं मधून उचलली आणि मागं, दोन बॅकच्या बरोबर मध्ये ठेवली. तिसरा बॅक. तो हलणार नाही. हलला नाही तर एक जास्त. एक खाच आणि एक उभं राहण्याचं, दोन झाले.

"जेवा आता," दुर्गाबाई म्हणाली.

त्यानं भाकर उचलली.

दोन-अडीचच्या सुमाराला ग्यानबाच्या बाजेवरच कॅनव्हास अंथरला गेला. ग्यानबाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. दाढी केलेली, अंगात धुतलेली बंडी. गोविंदसिंग बाजेच्या पायथ्याशी डब्यावर बसला. दारातल्या निंबाची सावली उंबऱ्याला टेकली की सामना संपला, असं ठरलं. केशरबाई चुलीपाशी होती, पण चुलीत जाळ नव्हता.

"माहा गडी दे पाहू," ग्यानबानं हात पुढं केला.

भिवाजीनं काडी दिली. ग्यानबानं तिच्यावरून अंगठा फिरवला. खालून वर. थांबला. काडी फिरवली आणि पुन्हा खालून वर.

"एकच हाय."

"हो."

"तीन व्हत्या."

"हो."

"कवा कापल्या?"

"आज दुपारी. कार्तिकातच कापाले पाह्यजे व्हत्या. चार महिने मी तुले खोटं खेळवलं गड्या."

गोविंदसिंग निंबाकडं बघत बसला. केशरबाई दारात येऊन उभी राहिली होती, हातात रिकामं तपेलं. ग्यानबाचा अंगठा त्या एका खाचेवर पुढं-मागं होत होता.

"कोनती ठेवली?"

"नागपूरची."

"बैलाची गेली."

"गेली."

"गठानीची?"

"थेबी."

ग्यानबानं काडी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "बैलाचं काय. बैल तं मेलाबी."

गोविंदसिंगाला हसू फुटलं आणि ते त्यानं खोकल्यात लपवलं. ग्यानबानं जुनी काडी मागितली. भिवाजीनं ती सदऱ्याच्या खिशातून काढून दिली. तिन्ही खाचा त्यानं एकदा पाहिल्या, मग ती पायाच्या लाकडी पट्टीच्या आत सारली आणि कराकरा खाजवलं.

"आ-हा. कितीक दिसापासून बोट पोचून नाई राह्यलं तिथं. राहू दे इथंच. आता सांग, कुठं उभा करशीन मले?"

भिवाजीनं बोट ठेवलं.

"मांगं? बुढ्यायच्या लाईनीत?"

"दोघायच्या मधात. तिथून हालाचं नाई. तू हालला नाई तं एक जास्त भेटते. काळू आला तं येऊ दे तुह्या अंगावर."

ग्यानबानं स्वतःच्या हातानं काडी त्या घरात ठेवली. एकदा डोळा बारीक करून पाहिलं आणि कणभर डावीकडं सरकवली. "इथं. आता मांड बाकीचे."

सामना सुरू झाला. काळू दोनदा मधून घुसला आणि दोनदा ग्यानबावर येऊन अडला. दोन्ही झोंब्या एकेका आकड्यानं ग्यानबाच्या. तिसऱ्यांदा तो उजवीकडून फिरून गेला, ग्यानबाच्या वाटेला आलाच नाही, आणि गोल झाला. गोविंदसिंगानं मांडी थोपटली. मग भिवाजीला अष्टा पडला, आठ घरं चेंडू गेला तो थेट पुढच्या गड्यापाशी, त्यानं गोल केला आणि एक-एक बरोबरी झाली.

"दौलतराव काय करून राह्यला तिथं कोपऱ्यात?" ग्यानबानं मधेच विचारलं.

"उभा हाय."

"दुपारपासून तिथंच दिसून राह्यला मले."

सावली उंबऱ्याच्या वीतभर अलीकडं आली होती. काळू पुन्हा आला, पुन्हा ग्यानबाशी झोंबी झाली, आणि गोविंदसिंगाचे तीन अधिक तीन सहा असताना भिवाजीला चार पांढरे पडले. चार, एक खाच, एक उभं राहण्याचं. सहाला सहा. चेंडू काळूजवळ होता, बरोबरीत तो त्याचाच. पण त्या नादात गोविंदसिंगानं पुढचे चिचोके इतक्या जोरात टाकले की ते बाजेखाली गेले; टाक फुकट गेला आणि गुंज ग्यानबाला मिळाली.

आणि समोर वाट मोकळी होती.

भिवाजीनं पाहिलं. तीन घरं सरळ, कुणी नाही. चेंडू पुढच्या गड्याला टाकायचा, हे साधं काम होतं. पण त्याला बाजेवरचा ग्यानबा दिसत होता, दाढी केलेला, आणि चुलीतला नसलेला जाळ. आजची बातमी काय द्यायची? उभा राहिला? अडीच महिने ज्याला तो धावत असल्याचं सांगत आला, त्याला आज खरोखर एक गोल मिळू दे. त्यानं ग्यानबाची काडी उचलली आणि चेंडूसकट एक घर पुढं ठेवली.

ग्यानबाची नजर मागं रिकाम्या झालेल्या घरावर गेली. गोविंदसिंगानं वर पाहिलं, त्याच्या ध्यानात आलं, पण त्यानं नुसते चिचोके उचलले. पुढच्या डावाला भिवाजीनं आणखी एक घर नेली.

मग काळू वळून आला. झोंबी. गोविंदसिंगाला एक पांढरा, आणि काळूच्या तीन. चार. भिवाजीनं चिचोके मुठीत घोळवले आणि टाकले. दोन पांढरे. दोन आणि एक खाच, तीन. उभं राहण्याचा एक गेला होता. तो असता तर चारला चार, आणि चेंडू ग्यानबाचाच. मागं ग्यानबाची जागा रिकामी होती. काळू त्या जागेवरून सरळ गोलात गेला.

सावली उंबऱ्याला टेकली.

"दोन-एक," गोविंदसिंग हळूच म्हणाला. जिंकला तर आरडाओरडा करणारा माणूस. आज त्यानं मांडीसुद्धा थोपटली नाही.

"मले काहून हालवलं बे?" ग्यानबा म्हणाला.

भिवाजी चिचोके गोळा करत राहिला. "वाट मोकळी व्हती..."

"माह्यासाठी हालवलं तू. मी गोल मारावा म्हून."

"हो."

"तीन खाचांचा व्हतो तवाबी कधी मारला का मी गोल? नऊ वर्सात एकतरी?" ग्यानबा आता खरोखर चिडला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज गल्लीत गेला. "बरा उभा व्हतो ना मी तिथं! समदं दिसून राह्यलं व्हतं. काळू कुठून येते, दौलतराव कुठं झोपला. माह्या जागेवरून मले उचललं अन सामना घालवला! पलटनीत हेच शिकवलं का तुले?"

"चुकलं गड्या."

"चुकलं म्हन्ते! पुढच्या रविवारी हात लावजो मले, मंग पाह्य."

"सालातला आखरी होता भाई," गोविंदसिंग म्हणाला.

"मंग नवं साल सुरू कर. पन मांडनी मी सांगीन, हा नाई. आन एक गोष्ट, उजवीकडचा बॅक एक घर मागं पाह्यजे. पहिला गोल तिथूनच गेला. मी पाह्यला, तुमाले कोनाले दिसला नाई."

गल्लीत घंटी वाजली. दौलतराव सायकलवर होता. पाय टेकवायला इथं ओटा नव्हता, म्हणून त्यानं निंबाला हात लावून सायकल उभी धरली. "काय भिवाजी, आमी खेळलो का आज?"

भिवाजी तोंड उघडणार, तोच ग्यानबा आतून बोलला, "खेळले काय! दुपारपासून एका जागी हायेत तुमी पाटील. धावाचं म्हनलं तं सायकलवरून उतरावं लागते."

दौलतरावानं आधी ग्यानबाकडं पाहिलं, मग आपल्या सायकलकडं. मिशीत काहीतरी हललं. "पुढच्या टायमाले धावतो," तो म्हणाला आणि पायडल मारलं. पण कोपऱ्यावर जाऊन एकदा मागं वळून पाहिलंच.

केशरबाई चुलीपाशी बसली. तिनं दोन पऱ्हाट्या मोडून चुलीत सारल्या आणि फुंकणी उचलली. ग्यानबा गोविंदसिंगाला उजव्या बॅकबद्दल सांगत होता, गोविंदसिंग मान हलवत होता, आणि मधेमधे पायाच्या पट्टीतून काडीचा कराकरा आवाज येत होता.

"भाकर केव्हा होते वं?" ग्यानबानं बोलता बोलता विचारलं.

"जाळ तं लागू द्या," केशरबाई म्हणाली.

भिवाजीनं कॅनव्हासची घडी केली. गडी फडक्यात बांधताना ग्यानबाची काडी त्यानं वेगळी काढली नाही, बाकीच्या दहांतच टाकली.

"अन पऱ्हाट्या?" ग्यानबानं विचारलं. "बांधल्या का साऱ्या?"

"निम्म्या रानात पडून हायेत."

"मंग इथं काय करून राह्यला? जाय. वारा सुटला तं बांधावर जातीन उडून."

भिवाजी लंगडत रानाकडं निघाला. ऊन उतरलं होतं. दुर्गाबाईनं चार भारे आधीच रचून ठेवले होते आणि पाचव्याला दोर घालत होती. त्यानं काही न बोलता दोराचं दुसरं टोक घेतलं, पऱ्हाट्यांवर धड असलेला डावा गुडघा रोवला आणि गाठ आवळली.